पोखरा : सरोवर, साहस आणि स्मृति

नेपाळची राजधानी काठमांडू हिच्या पश्चिमेस सुमारें २०० किलोमीटरांवर, हिमालयाच्या अगदीं कुशींत, पोखरा हें शहर वसलेलें आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ८०० ते ९०० मीटर, म्हणजे फारशी नव्हे. केळीं आणि संत्रीं तेथें सुखानें पिकतात. पण उत्तरेकडे मान वळवितांच अवघ्या ३० किलोमीटरांवर माछापुच्छ्रे, म्हणजेच मत्स्यपुच्छ, हें ६९९३ मीटर उंचीचें शिखर आकाशांत शिरलेलें दिसतें, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस अन्नपूर्णेची बर्फाच्छादित रांग पसरलेली असते. इतर ठिकाणीं हिमशिखरांचें दर्शन घ्यावयाचें तर डोंगरामागून डोंगर ओलांडावे लागतात. पोखऱ्यास तें दर्शन केळीच्या बागेंत उभ्या उभ्या घडतें. शहराच्या कडेस फेवा नांवाचें सरोवर आहे. वारा पडलेल्या सकाळीं तें मत्स्यपुच्छ त्या सरोवरांत उलटें उमटतें, आणि नावाडी त्या प्रतिबिंबावरूनच आपली होडी पैलतीरास नेतो.

हें दृश्य पाहावयास, आणि त्याच्या भोंवतीं चालणारे साहसाचे नाना खेळ खेळावयास, देशोदेशींचे प्रवासी तेथें लोटतात. इ. स. २०२४ च्या मार्च महिन्यांत पोखरा ही नेपाळची पर्यटन-राजधानी म्हणून घोषित करण्यांत आली. परंतु ज्या शहरास आज सौंदर्याची आणि साहसाची राजधानी म्हणतात, त्याचा इतिहास सौंदर्यापासून सुरू होत नाहीं. तो सुरू होतो एका उत्पातापासून. आणि तो उत्पात अद्यापि संपलेला नाहीं, हेंच त्या इतिहासाचें मर्म आहे.

पोखरा या नांवाचा संबंध सामान्यतः 'पोखरी' या नेपाळी शब्दाशीं जोडला जातो. पोखरी म्हणजे तळें. संस्कृतांतील पुष्करिणीचेंच तें लोकरूप. तळ्यांचा गांव तो पोखरा, असा सरळ अर्थ. मराठी कानास मात्र या नांवांतून 'पोखरणें' ही क्रिया ऐकूं येते. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें हा अर्थ चुकीचा. पण भूगोलाच्या दृष्टीनें तो विलक्षण खरा आहे. शहराच्या मधून सेती नांवाची नदी वाहते. सेती म्हणजे श्वेत. चुनखडीच्या कणांमुळें तिचें पाणी दुधासारखें दिसतें. पण शहरांतल्या शहरांत ही नदी अनेक ठिकाणीं दिसतच नाहीं. तिनें जमीन इतकी अरुंद आणि इतकी खोल कापून काढली आहे, कीं पुलावरून वांकून पाहावें तों खालीं काळोख आणि पाण्याचा घोष एवढेंच हातीं लागतें. शहराच्या दक्षिणेस पाताळे छांगो नांवाचा धबधबा आहे. फेवा सरोवरांतून निघालेला ओढा तेथें एकाएकीं जमिनीच्या पोटांत नाहींसा होतो, आणि समोरच्याच गुप्तेश्वर महादेवाच्या गुहेंत उतरलें म्हणजे तेंच पाणी आंतल्या बाजूनें दिसतें. प्रवासी या चमत्काराचें कौतुक करून परततात. ही भूमि अशी सहजासहजीं पोखरली कां जाते, हा प्रश्न मात्र फारच थोड्यांच्या मनांत येतो.

त्याचें उत्तर असें कीं, पोखऱ्याची भूमि मुळांत अखंड खडकाची नाहींच. सेतीच्या उगमाशीं, अन्नपूर्णेच्या शिखरांनीं वेढलेलें एक प्रचंड कुंड आहे. मध्ययुगांत त्या कुंडांतून दगड, वाळू, चुनखडीचा चिखल आणि पाणी यांचे लोंढे निदान तीन वेळां खालच्या खोऱ्यांत कोसळले, आणि त्या भरावानेंच आजचें सपाट खोरें तयार झालें. गाळांत सांपडलेल्या वनस्पतींच्या अवशेषांचें वय काढून संशोधकांनीं २०१६ सालीं असें दाखविलें, कीं हे लोंढे इ. स. ११०० च्या सुमारास, १२५५ त आणि १३४४ त झालेल्या मोठ्या भूकंपांशीं जुळतात. यांपैकीं १२५५ चा भूकंप नेपाळच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. त्यांत काठमांडूच्या खोऱ्याचा राजा अभय मल्ल हा मृत्यु पावला. मुख्य खोऱ्यांत असा भराव पडला, तेव्हां बाजूच्या लहान खोऱ्यांचीं तोंडें बुजलीं, आणि त्यांचें पाणी मागें तुंबून फेवा, बेगनास, रूपा अशीं सरोवरें बनलीं. आजहि पोखऱ्यांतील पृथ्वीनारायण महाविद्यालयाच्या आवारांत भीमकाली नांवाचा एक घराएवढा पाषाण उभा आहे. तो तेथील नव्हे. त्याला पर्वतावरून कोणी आणलें, हें एकदां समजलें म्हणजे त्या मागच्या शक्तीची कल्पना येते.

शास्त्राला हा उलगडा अलीकडे झाला; लोकांची एक कथा मात्र फार जुनी आहे. फेवा सरोवराच्या मध्यभागीं एक लहानसें बेट असून त्यावर वाराही देवीचें देऊळ आहे. कथा अशी कीं, सरोवराच्या जागीं पूर्वीं एक संपन्न नगर होतें. देवी भिकारणीच्या वेषानें तेथें आली. दारोदार तिला हिडीसफिडीस झाली. केवळ एका गरीब जोडप्यानें तिला घांसभर अन्न दिलें. 'तुम्ही उंच जागीं निघून जा,' असें त्यांना सांगून देवी अंतर्धान पावली, आणि रात्रींतून लोंढा येऊन नगर बुडालें. कथा आणि भूगर्भशास्त्र यांचा दुवा सिद्ध करतां येणार नाहीं. तथापि दोहोंचें सांगणें एकच आहे : हें रम्य सरोवर एका बुडालेल्या भूमीवर उभें आहे, आणि तेथें राहणारानें उंच जागेची वाट ओळखून असावें.

या भरावाच्या भूमीवर माणसाची वस्ती सावकाश वाढली. पश्चिम नेपाळांत पूर्वीं चौबीसी म्हणून ओळखलीं जाणारीं लहान लहान राज्यें होतीं. त्यांपैकीं कास्की हें एक. पुढें ज्या शाह घराण्यानें इ. स. २००८ पर्यंत नेपाळवर राज्य केलें, तें आपली परंपरा कास्कीच्या कुलमंडन शाहापर्यंत नेतें. या राजांचे गड डोंगरमाथ्यांवर असत. कास्कीकोट आणि सारंगकोट हीं नांवें अजून टिकून आहेत, आणि मराठी माणसास 'कोट' या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. शहाण्या राजांनीं गड वर बांधला आणि बाजार खालीं बसविला. अठराव्या शतकांत भक्तपूरचे नेवार व्यापारी येथें आले. त्यांनीं विटांचीं, नक्षीदार खिडक्यांचीं घरें बांधलीं, आणि विंध्यवासिनीच्या टेकडीच्या आसपास पेठ उभी राहिली. १७८५ सालीं कास्की गोरखा राज्यांत विलीन झालें, तरी पेठेचें महत्त्व कमी झालें नाहीं.

ही पेठ दोन जगांच्या सांध्यावर होती. उत्तरेकडून, कालीगंडकीच्या खोऱ्यांतून, तिबेटचें मीठ आणि लोकर खेंचरांच्या पाठीवर खालीं येई. दक्षिणेकडून धान्य आणि कापड वर जाई. थकाली लोक या व्यापाराचे धुरीण होते. याच वाटेनें मुक्तिनाथाचे यात्रेकरू जात. महाराष्ट्रांतील देवघरांत ज्या शाळिग्रामांची पूजा होते, ते या कालीगंडकीच्या पात्रांतील होत. तेव्हां या दूरच्या खोऱ्याचा एक तुकडा मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या येऊन बसलेला आहे. १८९९ सालीं एकाई कावागुची नांवाचा जपानी भिक्षु याच वाटेनें निघाला. तिबेटांत परकीयांस प्रवेश बंद होता, म्हणून तो वेष पालटून, भाषा शिकून, १९०० सालीं एका अवघड खिंडीनें आंत शिरला. आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें पोखऱ्याच्या सृष्टिसौंदर्याची मनापासून स्तुति केली आहे.

त्या काळीं या वाटांवर जो चालला, तो कामासाठीं चालला. मिठाची गोणी वाहणारा हमाल, खेंचरांमागून जाणारा पोऱ्या, शाळिग्रामाच्या ओढीनें निघालेली म्हातारी, पलटणींत भरती होण्यास निघालेला गुरुंग किंवा मगर तरुण, यांपैकीं कोणीहि आपल्या चालण्यास साहस म्हटलें नाहीं. 'साहस' या शब्दाचाहि मूळ अर्थ येथें लक्षांत घेण्याजोगा आहे. धर्मशास्त्रांत साहस हें बळानें केलेल्या अपराधाचें नांव आहे, गुणाचें नव्हे. जीव विनाकारण धोक्यांत घालणें ही गोष्ट जुन्या समाजास कौतुकाची वाटत नसे. कारण त्याच्या वांट्यास धोका न मागतांच भरपूर आलेला असे. १९४९ सालीं लागलेल्या आगींत पोखऱ्याची जुनी पेठ मोठ्या प्रमाणांत जळून गेली. लोकांनीं ती पुन्हां उभारली. त्यालाहि कोणी साहस म्हटलें नाहीं.

त्यानंतर दोनच वर्षांच्या आंत या खोऱ्याचें नशीब पालटलें. १९५० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस मोरिस हेर्झोग आणि लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक ८०९१ मीटर उंचीच्या अन्नपूर्णा शिखरावर पोंचले. आठ हजार मीटरांवरील कोणत्याहि शिखरावर माणसानें पाय ठेवल्याचा हा पहिला प्रसंग. त्यांची वाट पोखऱ्यावरून नव्हती, पश्चिमेच्या कालीगंडकीवरून होती. पण अन्नपूर्णेचें नांव जगभर झालें, तें या मोहिमेनें. या विजयाची दुसरी बाजू अशी कीं, हिमदंशानें दोघांचींहि पायांचीं बोटें गेलीं, हेर्झोगच्या हातांचीं बोटेंहि गेलीं, आणि परतीचा कित्येक दिवसांचा मार्ग त्यांनीं शेर्पांच्या आणि हमालांच्या पाठीवर बसून काढला. विजेत्याचें नांव शिखरास लागलें. पाठीचें नांव कोठेंच लागलें नाहीं.

१९५१ त राणांची सत्ता संपली आणि परकीयांस नेपाळचे दरवाजे उघडले. पोखऱ्यांत यापुढें जें घडलें, तें मोठें मौजेचें आहे. तेथें चाकाच्या आधीं पंख आले! गाड्यांचा रस्ता नव्हता. पण गवताच्या मैदानावर विमान उतरूं लागलें, आणि पुढें बैलगाड्यासुद्धां विमानांतून आणाव्या लागल्या. भारताच्या साहाय्यानें दक्षिणेकडील सिद्धार्थ मार्ग १९७० च्या सुमारास झाला, आणि काठमांडूकडून येणारा पृथ्वी मार्ग चीनच्या साहाय्यानें १९७४ च्या सुमारास पुरा झाला. तिबेटांतील १९५९ च्या उठावानंतर निर्वासित झालेल्या लोकांच्याहि वसाहती तोंवर येथें बसल्या होत्या. ज्या तिबेटी मिठावर पेठ जगली होती, त्याचा व्यापार सीमेवरच्या निर्बंधांनीं आटला. त्याची जागा प्रवाशानें घेतली.

या नव्या युगाचा एक आद्य पुरुष म्हणून जिमी रॉबर्ट्स या निवृत्त गोरखा अधिकाऱ्याचें नांव घेतलें जातें. १९५७ सालीं त्यानें माछापुच्छ्रेवर मोहीम नेली. तिच्यांतील विल्फ्रिड नॉइस आणि डेव्हिड कॉक्स हे शिखरापासून सुमारें ५० मीटरांवर थांबले आणि परतले. स्थानिक लोक हें शिखर पवित्र मानतात. पुढें त्यावरील आरोहणास बंदी झाली आणि ती आजतागायत आहे. जगांतील एका अत्यंत देखण्या शिखरावर माणसाचा अधिकृत पाय नाहीं, ही गोष्ट साहसाच्या इतिहासांत लहान नव्हे. याच रॉबर्ट्सनें १९६४ सालीं सामान्य प्रवाशांस तंबू, शिधा आणि वाटाड्या यांसह डोंगरांतून पायीं हिंडविणारी नेपाळांतील पहिली संस्था काढली. मिठाची वाट ती हौसेची वाट झाली. ओझें वाहणारी पाठ मात्र बहुधा तीच राहिली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस साहसानें आणखी रूपें घेतलीं. सारंगकोटच्या गडावरून, म्हणजे सुमारें १६०० मीटर उंचीवरून, कापडी पंखाच्या आधारें माणसें उडूं लागलीं. या खेळास ती जागा अनुकूल कां, हें समजण्यासारखें आहे. डोंगराचा दक्षिण उतार उन्हानें तापतो, तापलेली हवा वर चढते, आणि तिच्या भोंवऱ्यांत गिधाडांप्रमाणेंच माणूसहि घिरट्या घालीत वर जातो; उतरावयास खालीं सरोवराकाठची मोकळी जागा आहे. पुढें लोखंडी दोरावरून दरींत झेंप घेणें, कमरेस लवचिक दोर बांधून उंचावरून उडी टाकणें, हिमशिखरांच्या अंगावरून छोट्या विमानानें फिरणें, नद्यांच्या खळाळांतून रबरी नावा हांकणें हेहि खेळ आले. निवांत वृत्तीच्या माणसास १९९९ सालीं पुरा झालेला जपानी भिक्षूंचा शांतिस्तूप आहे, आणि २००४ सालीं उघडलेलें पर्वत-संग्रहालय आहे.

या सर्व खेळांचें एक लक्षण आहे. त्यांतील धोका मोजलेला असतो. दोराची ताकद तपासलेली असते, वाऱ्याचा वेग पाहिलेला असतो, अनुभवी चालक पाठीशीं बांधलेला असतो. प्रवासी भीति विकत घेतो. संकट विकत घेत नाहीं. यांत हिणवण्यासारखें कांहीं नाहीं. पण मोजलेल्या धोक्याची संवय झाली म्हणजे न मोजलेला धोका नजरेआड होतो, आणि पोखऱ्याची भूमि तर न मोजलेल्या धोक्यावरच उभी आहे.

फेवा सरोवराचेंच उदाहरण घ्यावें. पाणी आणि वीज यांसाठीं १९६१ च्या सुमारास त्याच्या तोंडाशीं धरण बांधलें. तें १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास फुटलें, आणि सरोवर बरेंच रिकामें झालें. पुढें नवें धरण झालें. पण त्या अवधींत उघड्या पडलेल्या जमिनीचा कांहीं भाग शेतांचा आणि घरांचा झाला, तो कायमचाच. हरपण नांवाची नदी दरसाल पावसाळ्यांत डोंगरांची माती आणून सरोवराचें पश्चिम टोंक भरीत आहे. पोखऱ्याचा पाऊस सामान्य नव्हे. तो वर्षास ३५०० मिलिमीटरांहून अधिक असतो. साठसत्तर वर्षांपूर्वींच्या मानानें सरोवराचें क्षेत्र आज निम्म्याच्या आसपास आलें आहे. २०१६ सालीं पोखरा खोऱ्यांतील नऊ सरोवरांचा समूह आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत गेला. तथापि गाळ यादी वाचीत नाहीं. ज्या जलाशयासाठीं प्रवासी येतो, त्याच्याच काठीं त्याच्यासाठीं बांधलेलीं घरें जलाशयाकडे सरकत आहेत.

आणि सेती? २०१२ सालच्या मे महिन्याच्या ५ तारखेस, शनिवारच्या सुटीच्या सकाळीं, खारापानी येथील गरम पाण्याच्या कुंडांवर माणसें जमलीं होतीं. आकाश निरभ्र होतें. त्याच वेळीं अन्नपूर्णेच्या रांगेंतील एका शिखराचा कडा ढांसळून सेतीच्या उगमाकडील त्या पुरातन कुंडांत पडला, आणि थोड्याच वेळांत चिखलाचा लोंढा नदींतून खालीं आला. सत्तरांहून अधिक माणसें मेलीं किंवा बेपत्ता झालीं. सातआठशें वर्षांपूर्वींच्या उत्पाताचें तें एक छोटेंसें रूप होतें.

पण त्या सकाळीं आणखी एक गोष्ट घडली, आणि तिची नोंद इतिहासानें ठेवली पाहिजे. पर्यटकांना शिखरें दाखविणारें एक छोटें विमान त्या वेळीं आकाशांत होतें. पर्वताकडे उठलेला धुराळा आणि नदींत घुसलेला लोंढा त्याच्या वैमानिकानें पाहिला, आणि ताबडतोब पोखऱ्याच्या विमानतळास बिनतारी संदेश दिला. तेथून ती वार्ता स्थानिक रेडिओवर गेली. नदीकाठच्या पुष्कळ लोकांना उंच जागीं पळावयास अवधि मिळाला. देवीनें त्या जोडप्यास जें सांगितलें, तेंच त्या दिवशीं ध्वनिलहरींनीं सांगितलें. हौसेसाठीं आकाशांत गेलेला डोळा अशा रीतीनें शहराचा पहारेकरी ठरला.

धोक्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत यानंतरहि द्यावी लागली. २०१४ च्या ऑक्टोबरांत बंगालच्या उपसागरांतून उठलेल्या वादळाचा शेवटचा हात हिमालयापर्यंत पोंचला, आणि अन्नपूर्णेच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, ५४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीच्या परिसरांत, चाळीसहून अधिक माणसें बर्फांत गेलीं. त्यांत परदेशी प्रवासी होते, तसेच नेपाळी वाटाडे आणि गुराखीहि होते. वादळ येत असल्याची वार्ता वाटेवरच्या माणसाच्या कानापर्यंत गेली नव्हती. नेपाळ सरकारनें २०२३ च्या एप्रिलपासून परदेशी पदयात्रिकांस अशा वाटांवर वाटाड्या बरोबर घेणें आवश्यक केलें, तें अशा अनेक अनुभवांनंतर.

पोखऱ्याच्या इतिहासाचा निष्कर्ष त्या शहराकडे जाऊं नये असा नाहीं. जावें, होडींत बसावें, सारंगकोटवरून सूर्योदय पाहावा, धैर्य असल्यास आकाशांतहि उडावें. परंतु तेथील खरें साहस कोणतें, याचा विचार प्रवाशानें आणि त्याहून अधिक नगरवासीयानें केला पाहिजे. दोर बांधून उडी टाकणारास आपला धोका ठाऊक असतो, म्हणूनच तो सुरक्षित असतो. नदीच्या कांठास घर बांधणारास, सरोवरांत भराव घालणारास तो ठाऊक नसतो, किंवा ठाऊक असून तो विसरतो. जुन्या राजांनीं गड वर बांधले, जुन्या आयांनीं मुलांना बुडालेल्या नगराची गोष्ट सांगितली, आणि एका शिखराचा माथा लोकांनीं देवासाठीं राखून ठेवला. ही भिऊन जगण्याची रीत नव्हती. भूमीची ओळख ठेवून जगण्याची रीत होती. ज्या पर्वतानें हें खोरें भरलें आणि हें सरोवर दिलें, तोच पर्वत तें परत मागूं शकतो. ही आठवण जोंवर जागी आहे, तोंवर सकाळच्या निश्चल पाण्यांत मत्स्यपुच्छाचें प्रतिबिंब उमटत राहील, आणि तें पाहावयास पुढच्या पिढ्यांना सरोवर शिल्लक असेल.